आगटीपाशी बोलावलेला चंद्रप्पा

बसवंत मास्तरानं ग्रीक शिकायला घेतल्यापासून म्हशीनं दूध आखडलं, असं त्याची बायको रत्नम्मा उदगीरच्या चर्चमध्ये सगळ्यांना सांगायची. खरंखोटं म्हशीला ठाऊक. पण मास्तर रोज पहाटे गोठ्यात बसून योहानाचं शुभवर्तमान मूळ भाषेत अक्षर अक्षर लावत वाचायचा, एवढं खरं.

त्या पहाटे मात्र डोकं ठिकाणावर नव्हतं. आज त्याच्या शेतात हुरडा होता आणि गावादेखत त्याला चंद्रप्पाचं पितळ उघडं पाडायचं होतं.

मागल्या हिवाळ्यात विजेच्या तारेवर आकडा टाकला तो चंद्रप्पानं. मास्तरानं नुसती बॅटरी धरली होती. गावाचा डीपी जळाला, वीज गेली. गाव जाब विचारायला आलं तेव्हा दोघं आगटीपाशीच होते. तीनदा विचारलं, आणि निखाऱ्यावर हात शेकत चंद्रप्पा तीनदा म्हणाला, "म्या नव्हतो. मला ठावच न्हाई." लहानपणचा दोस्त! तेव्हापासून चोर ठरला तो एकटा मास्तर. आता चंद्रप्पाचाच गडी शिवलिंग खरं बोलायला तयार झाला होता. मास्तरानं फक्त मान हलवायची.

वाचता वाचता मास्तर एका शब्दाशी अडला. अन्थ्राकिया. निखाऱ्यांचा विस्तव. पानं मागं उलटली. अख्ख्या नव्या करारात हा शब्द दोनच जागी. पेत्र शेकत शेकत प्रभूला तीनदा नाकारतो तिथं, आणि तळ्याकाठी प्रभू त्याच पेत्रासाठी मासे भाजतो तिथं. मराठीत जन्मभर वाचलं, पण घोड्यावरून. ग्रीकमध्ये पायी चालावं लागलं म्हणून ठेच लागली. आणि प्रभू आधी बोलला काय? जाब न्हाई विचारला. 'या, न्याहारी करा.'

मास्तरानं पुस्तक मिटलं. "देवा, हे आजच दावायचं होतं व्हय?"

दिवस वर आला. आगटी फुलली, माणसं जमली. चंद्रप्पा आला तो बांधावरच थबकला. शिवलिंग मास्तराकडं टक लावून बसलेला. मास्तराची मान जरा हलली असती तर संपलं होतं.

मास्तरानं निखाऱ्यातलं कणीस ओढलं, तळहातावर चोळलं, फुंकून भूस उडवलं.

"चंद्रप्पा, ये. खाऊन घे आधी."

"बसवंता, तू मला कशाला बोलावलंस, मला ठाव हाय."

"हुरडा निवतो, येड्या."

चंद्रप्पानं ओंजळ पुढं केली. दाणे तोंडात टाकले. तो जमलेल्या गावकऱ्यांकडं वळला.

"आकडा म्या टाकला होता."

माणसं खो खो हसली. "मास्तर, ह्याला पण गिरीक पाजलं का काय?"

"म्या टाकला होता," तो पुन्हा म्हणाला. हसू विरलं.

तिसऱ्यांदा तेच म्हणताना त्याचा आवाज चिरकला. शिवलिंगानं मान खाली घातली.

मास्तर पुढलं कणीस चोळत होता. "तिळाची चटणी घे," तो म्हणाला, "नुसतं काय खातोस."