चौथा रकाना

मनस्वीने हळदीच्या जुन्या पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर चौथी उभी रेघ ओढली आणि वर आपल्या भावाच्या, मितेशच्या, कंपनीचं नाव लिहिलं. चार विमान कंपन्या, चार रकाने. पगाराशिवाय कोणती कंपनी कामगाराला आपले शेअर किती देते, ते ती सकाळपासून मोबाइलमध्ये शोधून उतरवत होती.

तिचा आजोबा नामा झोपाळ्यावर बसून बघत होता. बाहेर जिन्यावर लोखंडी कपाट घासल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला.

"हळू रं! भिंत सोलशील," तो आतूनच ओरडला.

तळमजल्यावरचा भाडेकरू हौसेराव तीन नंबरातून वर सात नंबरात चालला होता. कामोठ्यातल्या या घरात नामाच्या नऊ खोल्या भाड्याने होत्या आणि त्याचा नियम एकच होता. करार संपला की खोली बदलायची. माणूस एका जागी रुजला की हक्क सांगतो. हौसेराव नऊ वर्षं तेच कपाट घेऊन घरातल्या घरात वरखाली करत होता.

"ताई, पाचपर्यंत सांगायचंय," मितेश वैतागून म्हणाला. तो विमानात सामान चढवायचं काम करायचा. "मला बोलावणारी कंपनी अडीच हजार जास्त देते. शेअरबिअर काय नाय. मी काय करू, राहू का जाऊ?"

"ऐक ना. पहिली फक्त मोठ्या साहेबांना शेअर देते. दुसरी साहेबांना आणि पायलटना. तिसरी सगळ्यांना देते, पण तिचा भाव एवढा पडलाय की मिळून न मिळाल्यासारखं. तुझी मात्र सगळ्या कर्मचाऱ्यांना देते. अगदी लोडरला पण. तू कुठे जाऊ नको."

नामा झोपाळ्यावर सरसावून बसला. "मी काय बोललो व्हतो? आपला शेत त्या धावपट्टीखाली गेला. त्याच्यावरून उडनाऱ्या इमानाचा एक पंख तरी आपल्या नावावर पायजेल."

"आजोबा, पंख नाय मिळत," मितेश म्हणाला. "तुम्ही तर ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसाल."

"बसन. कागद नावावर असला तं कोन उठवील मना?"

मनस्वी हसली नाही. ती खालचे नियम वाचत होती.

"सलग बारा महिने नोकरी झालेल्यांना, असं आहे. तुझे किती झाले?"

"दहा."

"मग दोनच महिने..." ती मधेच थांबली. "तुझं अपॉइंटमेंट लेटर दाखव."

मितेशने मोबाइल पुढे केला. तिने ते दोनदा वाचलं.

"अकरा महिन्यांचं आहे हे. मग आठ दिवस ब्रेक आणि मग नवीन लेटर."

"ती फॉर्मॅलिटी असते. सगळ्या लोडरना तसंच देतात."

"सगळ्यांना! मितू, अरे मग बारा कधी भरणार? दहा वर्षं बॅगा उचल, तरी तू अकराच महिन्यांचा." चौथ्या रकान्यावर तिने इतक्या जोरात काट मारली की पत्रिका फाटली. "आणि वर मोठ्या अक्षरात, सगळे कर्मचारी! सकाळपासून डोळे फोडून घेतले मी."

"चुकून झालं असेल. मी विचारतो ऑफिसात."

"चुकून नाय," नामा म्हणाला.

दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने पाय टेकून झोपाळा थांबवला होता.

"अकरा कोन चुकून लिवत नाय."

"तुम्हाला काय माहीत, आजोबा?"

त्याने दाराकडे पाहिलं. दारात घाम पुसत हौसेराव उभा होता. हातात कागद होता.

"नामाशेठ, एजंटनं कराराचा मसुदा दिलाय. तेवढा बघून घ्या. दुपारी नोंदणीला अंगठ्याचं मशीन घेऊन येतोय त्यो." मग जिन्याकडे बघत म्हणाला, "कपाट वळनाला अडाकलंय. बायकोचा गुडघा बी धरलाय. हितंच तीन नंबरात ऱ्हायलो असतो तर..." आणि स्वतःच हसला. "दरसाल बोलतो. ऱ्हाऊ द्या."

नामाने चष्मा लावला. एकेक ओळ बोटाने धरत तो सावकाश खाली आला.

"बाय, तुझा पेन दे."

'सात' खोडून त्याने वर 'तीन' लिहिलं.

"कपाट उतरव."

"शेठ?"

"उतरव बोल्लो ना. मगासधरनं जिना अडवून ठेवलास."

म्हाताऱ्याने मन बदलायच्या आत हौसेराव पळाला. नामाचं बोट आणखी एक ओळ खाली, 'मुदत अकरा महिने' वर सरकलं आणि तिथेच राहिलं. पेनाचं टोक कागदाच्या जरा वर थांबलं.

मागे मितेश फोनवर अडीच हजार जास्त देणाऱ्या कंपनीच्या सुपरवायझरशी बोलत होता.

"हो सर, येतो. फक्त एक विचारायचं होतं. तुमचं लेटर किती महिन्यांचं असतं?" थोडा वेळ तो नुसता ऐकत राहिला. "अच्छा. नाही नाही, चालेल सर. अकरा चालेल."

नामाने पेनाला टोपण लावलं.