पाकिटावरची वाकडी रेघ

"पंचवीस मिनिटं, काकू." वडिलांमागं ट्रॅव्हल एजन्सी सांभाळणाऱ्या शुभंकरनं स्क्रीन कौशल्याकडं वळवली. "पंतनगर ते पिथोरागढ, हवाई अंतर जेमतेम शंभर किलोमीटर. चहा गार व्हायच्या आत खाली."

"चहा दिला तर," कौशल्या म्हणाली.

काउंटरपलीकडे रहीमभाई आणि नसीमबानू बसले होते. येरवड्यातलं जुनं गिऱ्हाईक. लेक मेहजबीन नवऱ्याच्या नोकरीपायी उत्तराखंडात, पिथोरागढला. शुक्रवारी सकाळी तिचं ऑपरेशन. तिला आत नेण्याआधी तिच्या कपाळावर आपला हात पडावा, एवढंच नसीमबानूचं मागणं.

कौशल्यानं तिकिटाचं पाकीट पुढे ओढलं. एकोणतीस वर्षं ती पाकिटावर दोन रेघा काढत आली होती. सरळ रेघ विमानाची, वाकडी रस्त्याची. स्वतः विमानात कधी बसली नव्हती, पण परतलेल्या प्रत्येकाला "खरं किती लागलं?" विचारून वहीत उतरवून ठेवायची.

"डोंगरातलं छोटं विमान. ढग बसला की उडत नाही. मग रस्त्यानं आठ तास, तेही दरड आली नाही तर. रहीमभाई, गुरुवारचं नको, बुधवारचं घ्या. दिवस हातात राहील."

"काकू, आपल्या पॅकेजमध्ये गुरुवार आहे. गिऱ्हाईकाला घाबरवताय कशाला?"

"अरे, तुझी पंचवीस मिनिटं म्हणजे नुसता पूर्वरंग. खरी कथा विमानतळावर ताटकळताना सुरू होते."

रहीमभाई हसले. "ताई, अब्बांच्या हजची तिकिटं तुमच्याच हातची. बुधवारचं काढा."

ते गेल्यावर शुभंकर थंडपणे म्हणाला, "बाबांच्या वेळचं बाबांबरोबर गेलं. गुरुवारचं विमान वेळेवर उडालं, तर काउंटर ती नवी मुलगी, अपेक्षा, बघेल. तुम्ही घरी आराम करा."

"चालेल," कौशल्या म्हणाली. नोकरीचं दीड वर्ष उरलं होतं.

गुरुवारी सकाळी विठ्ठलापुढं दिवा लावताना तिचा हात थबकला. ढग येऊ दे म्हणावं, तर त्या विमानातही कुणाच्या तरी आया बसलेल्या असणार. तिनं काहीच मागितलं नाही.

विमान वेळेवर उडालं. तेवीस मिनिटांत उतरलं. शुभंकरनं मोबाइल तिच्यासमोर धरला. त्याच सुमारास नसीमबानूचा फोन आला. "ताई, आमचंही काल वेळेवरच गेलं. रात्री पोरीला कुशीत घेऊन झोपले. आता डोक्याला तेल लावतेय."

"लावा, सावकाश लावा."

कौशल्यानं वही उघडली. 'बुधवार, वेळेवर. गुरुवार, वेळेवर, तेवीस मिनिटं.' स्वतःविरुद्धची साक्ष तिनं नेहमीच्याच वळणदार अक्षरात लिहिली. मग खाली एक ओळ घातली, 'तरी एक दिवस आधी निघावं,' आणि सही ठोकली.

"काकू, म्हणजे लगेच आजच असं नाही..." शुभंकर पुटपुटला.

"शब्द म्हणजे शब्द. वही अपेक्षासाठी ठेवलीय. खुर्ची तुझी." तिनं बसायची गादी उचलून काखेत मारली. "ही माझी."

दर गुरुवारी ऑफिस सुटून ती देवळात कीर्तनाला पोचायची, तोवर बुवा उत्तररंगात शिरलेले असायचे. आज टाळ अजून जुळत होते. कौशल्यानं पहिल्या रांगेत, थंड फरशीवर गादी टाकली आणि सुरुवातीपासून ऐकायला बसली.