पुलाखालची कढई

रस्ता चौपदरी झाला तेव्हा घरं अलीकडे राहिली आणि शाळा पलीकडे. खाणीतलं तांबं नेणारे ट्रक आता वेग कमी करत नाहीत. पादचारी पूल आहे, त्रेसष्ट पायऱ्यांचा. पण चढतं कोण? सगळे दोनशे पावलं आधीच दुभाजकाच्या फटीतून पळत जात. इंजिनियर सिमुकोंडांनी तिथे दोनदा जाळी लावली. दोन्ही जाळ्या कुणाच्या तरी कोंबड्यांच्या खुराड्यांना लागल्या. तिसरी परवा बसवली, तिलाही भोक पडलंय.

सोमवारपासून माझी लुसे शाळेत जाणार होती. सहा वर्षांची. तिला मी पूल दाखवून ठेवला होता, पण पोरं गर्दीमागे धावतात. आणि गर्दी असायची फटीपाशी, बाना कालुम्बाच्या कढईभोवती. तिचे वितुंबुवा, म्हणजे पिठाचे गरम गोड तळलेले गोळे, खातच लोक रस्त्यात उतरायचे.

शनिवारी बाळाला पाठीशी बांधून मी तिच्याकडे गेले.

"कढई पुलाच्या पायथ्याशी न्या ना."

"तिथे गिऱ्हाईक कोण? तो सिमुकोंडा? त्याला तेलकट बंद आहे."

"लोक तुमच्यामागे येतील."

"लोक फटीसाठी येतात गं. मी आपली शेजारी बसते."

"एक दिवस बघा. शेगडी मी उचलते. उरेल ते सगळं मी विकत घेईन."

"बिचारा तुझा नवरा! आठवडाभर वितुंबुवाच खाईल." पण ती हसली.

सोमवारी सकाळी कढई पुलाच्या पायथ्याशी होती. लोक फटीपाशी येऊन घुटमळले. एकजण ओरडला, "बाना कालुम्बा, आजारी आहात का?"

"आजारी तुझी सासू! पाय आहेत ना? ये इकडे!"

आले. खाल्लं. आता दोनशे पावलं मागे कोण जाणार? ज्या आळसाने ते इतके दिवस पूल चढले नव्हते, त्याच आळसाने चढले. चारपाच जण मात्र परत फटीकडे गेलेच.

सिमुकोंडांनी वहीत लिहिलं, जाळीचा उपयोग होतोय.

लुसे गर्दीमागे निघाली, पायऱ्या मोजत. तिला वीसपर्यंतच येतं. पुढे ती पुन्हा एकपासून सुरू करते. वरून तिने तेलकट हात हलवला. खालून ट्रक गेले. मग ती पलीकडे उतरली आणि शाळेच्या फाटकात शिरली.

"उद्या शेगडी उचलायला लवकर ये," रिकामी परात पुसत बाना कालुम्बा म्हणाली.