यकृतातली गाठ

दोन हजार पाच साली रत्नागिरीत सोनोग्राफी झाली आणि दमयंतीच्या यकृतात मोठी गाठ निघाली. कर्करोग नव्हता. पाळणा लांबवायच्या गोळ्यांनी अशी गाठ होऊ शकते, त्या घेता का, असं डॉक्टरांनी विचारलं. शेजारी सासू बसली होती. खोटं बोलता आलं असतं.

"श्रद्धा झाल्यापासून घेतेय," दमयंती म्हणाली.

श्रद्धा तिची एकुलती मुलगी, आता शाळेत जाणारी. तिच्या बाळंतपणात रक्त थांबेना, दमयंती मरता मरता वाचली होती. तरी सासू यमुनाबाई नातवासाठी नवस बोलायची, सुनेला वैद्यांकडे फिरवायची. नवरा नितेश मासेमारीला जायचा आणि घरी आला की गप्प असायचा.

नाटे गावी, घराच्या उंबऱ्याच्या आत आल्यावर यमुनाबाई म्हणाली, "माझा वंश बुडवलास गो. म्हणून देवानं गाठ दिली तुला."

गोळ्या बंद झाल्या, तरी गाठ आकसेना. फुटली असती तर पोटात रक्तस्राव झाला असता, म्हणून तिला मुंबईला पाठवलं. पोट फाडावं लागलं नाही. भूल देऊन, पडद्यावर बघत, डॉक्टरांनी बरगड्यांखालून गाठीत सुई घातली आणि सुईच्या टोकाच्या उष्णतेनं गाठ आतल्या आत जाळली. शुद्धीवर आली तेव्हा उजवी कूस ठणकत होती, अंगात कणकण होती.

यमुनाबाई खाटेशी उभी होती. कसं वाटतंय, हे तिनं विचारलं नाही. गाठ गेली, आता मुलाचं मनावर घ्या, असं ती नितेशला सांगत होती. नितेशनं मान डोलावली. दमयंतीनं ते पाहिलं.

"त्या गोळ्या मला परत चालणार नाहीत," ती त्याला म्हणाली. "तुम्ही नसबंदी करून घ्या. तोवर मी आणि श्रद्धा आऱ्याला, माझ्या आईकडे."

यमुनाबाई भडकली. बायकोच्या शब्दाखातर माझा मुलगा स्वतःला कापून घेणार नाही, म्हणाली.

"मग दुसरी बघा त्यांना," दमयंती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं.

ती खरंच माहेरी गेली. नितेश फोन करायचा, श्रद्धाची चौकशी करून ठेवून द्यायचा. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्यावर तो आऱ्याला आला. पाणीही न घेता पडवीत उभा राहिला.

"करून आलो. चल," तो म्हणाला. आवाजात राग होता.

दमयंती गेली. यमुनाबाईनं त्या दिवसापासून तिच्या हातचं खाणं सोडलं, मागच्या दारी आपली वेगळी चूल मांडली. दमयंतीनं तिला एकदाही घरात जेवायला बोलावलं नाही.