पुस्तकातला वेग

नबक रस्त्याचं काम आमच्या ऑफिसला मिळालं तेव्हा मी चौतीस वर्षांची होते आणि वगीह बुशरांच्या हाताखाली मला सहा वर्षं झाली होती. कैरोत वाहतुकीचा सल्ला देणारी ऑफिसं पुष्कळ आहेत. पण रस्त्याचा आराखडा करायचा म्हणजे आधी त्या रस्त्यावर चार दिवस उभं राहायचं, असं मानणारा माणूस मला एकच भेटला, तो म्हणजे वगीह.

काम सरळ होतं. पालिकेला नबक रस्ता रुंद हवा होता. मधली झाडं काढायची, सिग्नल काढायचे, दोन्ही बाजूंना पाच-पाच पट्टे करायचे. उलट दिशेला जायचं असेल तर पुढे दीड किलोमीटरवर वळण. गाड्या कुठेही थांबता कामा नयेत. हे ठरलेलंच होतं, आमच्याकडून फक्त त्याला आकडे हवे होते.

वगीह म्हणाले, "मुशीरा, गाड्या कॅमेरा मोजेल. आपण माणसं मोजू."

म्हणून आम्ही डायलिसिस केंद्राच्या फाटकाशी खुर्च्या टाकून बसलो. त्या रस्त्यावर सगळ्यात जास्त माणसं तिथेच ओलांडायची. केंद्र एका बाजूला आणि मायक्रोबसचा थांबा समोरच्या बाजूला. आठवड्यातून तीन दिवस रुग्ण यायचे, चार तास मशीनला लागायचे आणि मग भिंतीला, गाडीच्या बॉनेटला, एकमेकांच्या खांद्याला धरत समोर जायचे.

पहिल्याच दिवशी एक उंच, वाळका म्हातारा माझ्याजवळ येऊन उभा राहिला. हातावर पट्टी, तोंड पिवळं, पण बुटांना पॉलिश केलेलं.

"काय मोजताय, इंजिनिअरबाई?"

"माणसं, उस्ताद."

"मग मला अर्धाच धरा. अर्धा मी आत मशीनमध्ये सोडून आलोय."

हे उस्ताद बहगत. चाळीस वर्षं भूमिती शिकवून निवृत्त झालेले. त्यानंतर आम्ही होतो तितके दिवस ते आमच्याकडे यायचे, वगीहांच्या खुर्चीत बसायचे आणि आमच्या कागदांत नाक खुपसायचे. वगीह घड्याळ लावून रुग्णांचा चालण्याचा वेग मोजतायत हे कळल्यावर तर त्यांना चेवच आला. ते बाकीच्या रुग्णांना हाका मारायचे, "ए उम्म खमीस, नीट चाल! सरकारी परीक्षा आहे!"

उम्म खमीस जाडजूड बाई होती. ती रस्त्याच्या मधूनच ओरडायची, "तुम्ही आधी पास व्हा, मास्तर! गेल्या खेपेला तर अर्ध्यातच बसलात!"

त्रेचाळीस रुग्णांचा वेग आम्ही मोजला. सेकंदाला अर्ध्या मीटरच्या जरासा वर. पुस्तकात माणसाचा वेग एक पूर्णांक दोन दशांश दिलेला असतो, म्हणजे दुपटीहून जास्त. पुस्तकातला माणूस तरुण असतो, त्याच्या हातात पिशवी नसते, आणि तो नुकताच कुठल्या मशीनवरून उठलेला नसतो.

वगीहांनी अहवालात स्पष्ट लिहिलं. केंद्रासमोरचा सिग्नल ठेवावा, पायी चालणाऱ्यांना जवळजवळ पूर्ण एक मिनिट द्यावा. पादचारी पूल चालणार नाही, कारण हे लोक जिना चढू शकत नाहीत.

आमच्या ऑफिसचे मालक डॉक्टर हाझिम. गोड बोलणारा माणूस. त्यांनी अहवाल वाचला आणि आम्हा दोघांना आत बोलावलं.

"एक मिनिट?" ते म्हणाले. "वगीह, अहो, एक मिनिटात गाड्यांची रांग उड्डाणपुलापर्यंत जाईल. रांगेत अडकलेले लोक मला शिव्या घालतील."

"घालू देत. शिव्यांनी माणूस मरत नाही."

"पालिका सिग्नल घेणार नाही. पूल घेईल. आपण नाही म्हटलं तर काम दुसऱ्याकडे जाईल, आणि तो तर पूलसुद्धा घालणार नाही. मग तुमच्या रुग्णांचं भलं झालं का?"

"मी मोजलंय ते लिहिलंय," वगीह म्हणाले. "दुसरं हवं असेल तर दुसऱ्याची सही घ्या."

त्यांनी पेन खिशाला लावलं आणि ते बाहेर पडले. त्या आठवड्यापासून ते रजेवर गेले ते परत आलेच नाहीत.

दुसऱ्याची सही म्हणजे माझी. मला कुणी धमकावलं नाही. डॉक्टर हाझिमांनी चहा मागवला, पुढच्या वर्षी येणाऱ्या रिंग रोडच्या कामाची मुख्य म्हणून माझं नाव कसं त्यांच्या मनात आहे ते सांगितलं, आणि म्हणाले, "मोजणी काढू नकोस. फक्त तक्त्यात पुस्तकातला वेग घाल. तो काही खोटा नाही ना?"

खोटा नव्हताच. जगभर वापरतात. मी तक्ता उघडला, आकडा बदलला, खालची जिन्याबद्दलची टीप काढली. चार मिनिटंही लागली नसतील. मग मी सही केली. घरी जाताना मी आईसाठी खजूर घेतले होते, एवढं मला आठवतं. मन हलकंच होतं त्या दिवशी.

वर्षभरात रस्ता झाला. लोखंडी पूल उभा राहिला, बावन्न पायऱ्यांचा. लिफ्टसाठी काँक्रीटची पोकळी ठेवली होती, तिला फळ्या ठोकल्या होत्या. दहा पट्ट्यांवरून गाड्या सुसाट जायला लागल्या आणि वर्तमानपत्रांत रस्त्याचे फोटो आले.

आणखी एक वर्ष गेल्यावर पालिकेने परिणामाचा अहवाल मागितला. आता मी मुख्य होते. पोलिसांकडून अपघातांची यादी आली. रस्ता झाल्यापासून डायलिसिस केंद्रासमोर एकही मृत्यू नाही. एक जखमीसुद्धा नाही. डॉक्टर हाझिम यादी हातात घेऊन माझ्या टेबलाशी आले. "बघ! वगीहला दाखवायला पाहिजे ही."

मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. एका बुधवारी मी माणसं मोजायला पुन्हा तिथे जाऊन बसले. दुपारची पाळी सुटायची वेळ झाली. फाटकातून एक माणूस बाहेर आला आणि त्याला न्यायला आलेल्या गाडीत बसला. मग एक बाई. तीही गाडीत. पुलावर एक शिपाई पळत चढला नि उतरला. मी दीड तास बसले. ओलांडणारे रुग्ण शून्य.

मी आत गेले. जुनी नर्स तिथेच होती. तिने मला ओळखलं.

"आज रुग्ण कमी का?" मी विचारलं.

"आज? वर्षभर हेच आहे, बाई. ज्यांच्याकडे गाडी आहे ते येतात. ज्यांच्याकडे नाही ते किती दिवस टॅक्सी करणार? काही दुसऱ्या केंद्रात गेले. तिथे जागा नाही म्हणून काहींना परत पाठवलं."

"आणि उस्ताद बहगत?"

ती हातमोजे काढत राहिली.

"आधी टॅक्सीने यायचे. मग तीनाचे दोन दिवस केले. मग एकच. डॉक्टर ओरडले त्यांच्यावर. तर म्हणाले, डॉक्टर, मी आयुष्यभर पोरांना शिकवलं की दोन बिंदूंमधलं सगळ्यात कमी अंतर म्हणजे सरळ रेषा. आता या सरकारने मला खोटं पाडलंय. एकदा पूल चढायला गेले. एकोणीस पायऱ्या चढले आणि तिथेच बसून राहिले, वरही जाता येईना, खालीही. आमच्या दोन माणसांनी उचलून आणलं. त्यानंतर आले नाहीत. हिवाळ्यात गेले. घरीच."

मी बाहेर येऊन खुर्ची घडी केली. हातातल्या कागदावर त्या तासाच्या रकान्यात शून्य होतं. ते तसंच राहू दिलं.

संध्याकाळी मी वगीहांना फोन केला. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी सांगून टाकलं, की तक्त्यातला आकडा मी बदलला होता.

"माहीत आहे," ते म्हणाले. "अहवाल छापून आला तेव्हा पहिलं तेच पान काढलं मी."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"कुणाशी?" ते म्हणाले. "तुला काय वाटतं मुशीरा, सही केली नाही म्हणून मी सुटलो? मी घरी येऊन बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घातलं. एवढंच केलं मी."

पुढच्या शुक्रवारी नर्सकडून पत्ता घेऊन मी बहगतांच्या घरी गेले. चौथा मजला. त्यांच्या बायकोने, नफीसांनी, दार उघडलं. त्यांना वाटलं मी उस्तादांची कुणी जुनी विद्यार्थिनी. आत बसवलं, बिनसाखरेची कॉफी दिली. भिंतीवर त्यांचा फोटो होता, तरुणपणचा, हातात फळ्यावरचा मोठा कंपास घेतलेला.

"शेवटी शेवटी पाय इतके सुजले होते, पोरी," त्या म्हणाल्या, "की बूट चढायचे नाहीत. तरी रोज पॉलिश करायला लावायचे. मी म्हणायची, कुठे जायचंय? तर म्हणायचे, रस्ता लहान झाला की जाऊ."

मी कप खाली ठेवला.

"खाला," मी म्हटलं, "मी त्यांची विद्यार्थिनी नाही. त्या रस्त्याच्या कागदांवर माझी सही आहे. हे लोक पूल चढू शकत नाहीत हे आम्हाला माहीत होतं. आम्ही मोजलं होतं. त्यांनाही मोजलं होतं. मी ते खोडलं."

त्यांनी माझ्यासमोरचा कप उचलला. मला वाटलं आता उठवतील, जिन्यावरून शिव्या घालत खाली पाठवतील. ते झालं असतं तर बरं होतं.

"तू?" त्या म्हणाल्या. "ती खुर्चीवाली पोरगी तूच का? ते घरी येऊन सांगायचे. आज इंजिनिअरांना मदत केली, आता आपला सिग्नल पक्का होणार म्हणायचे."

मी डोळे पुसले.

"रडू नकोस माझ्या घरात," त्या कोरडेपणाने म्हणाल्या. "मला त्याचा काही उपयोग नाही. उम्म खमीस अजून जाते. तिचा मुलगा पाठुंगळीला घेऊन पूल चढवतो तिला, आणि त्याची कंबर गेलीये. मायक्रोबसचा थांबा अलीकडे आण. केंद्राच्या फाटकाशी. सही केलीस ना, मग सहीनेच आण."

सोमवारी मी परिणामाच्या अहवालात एक परिच्छेद लिहिला. केंद्रातल्या दुपारच्या पाळीतल्या एकतीस रुग्णांपैकी नऊच उरलेत. एक निवृत्त मास्तर हिवाळ्यात वारले. अपघात नाहीत, कारण माणसंच नाहीत. थांबा फाटकाशी आणावा.

डॉक्टर हाझिमांनी तो वाचला आणि चष्मा काढला.

"तो मास्तर कशाने गेला?"

"उपचार थांबले म्हणून."

"मूत्रपिंडाने गेला. रस्त्याने नाही. आपल्या तक्त्यात मूत्रपिंडाचा रकाना आहे का?"

"घालू या."

"मुशीरा, शहाणी मुलगी आहेस." त्यांनी परिच्छेदावर पेन्सिलने तिरपी रेघ मारली. रागावले नव्हते अजिबात.

या वेळी मी सही केली नाही. पलीकडच्या टेबलावर सहा महिन्यांपूर्वी लागलेली लुजैन नावाची मुलगी होती. तिने जेवणाच्या सुट्टीआधी सही केली आणि मला विचारलं, "तुम्ही आजारी आहात का?" रिंग रोडचं काम तिच्याकडे गेलं. मला ऑफिसने काढलं नाही, जुन्या नकाशांच्या खोलीत बसवलं.

थांब्यासाठी मी स्वतःच्या नावाने पालिकेला तीन अर्ज केले. पहिल्याला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला आलं, की रस्ता जलद वर्गातला असल्यामुळे मंजूर आराखड्यानुसार थांबण्यास मनाई आहे. आराखड्याचा क्रमांक दिला होता. माझाच आराखडा. तिसरा अर्ज अजून कुठल्या तरी टेबलावर असेल.

मग मी शहाता नावाच्या मायक्रोबसवाल्याला गाठलं. जुना माणूस, रुग्णांना ओळखणारा. "पुढच्या वळणावरून फिरून ये आणि फाटकाशी दोन मिनिटं थांब," मी म्हटलं.

"दोन मिनिटं?" तो म्हणाला. "उम्म खमीसला चढायलाच पाच लागतात. तिला चढवताना माझी गाडी एका बाजूला कलते." पण तो आला. पाच आठवडे आला, शनिवार, सोमवार, बुधवार. पाच-सहा रुग्ण परत यायला लागले. नर्सने मला फोन करून सांगितलं. मी दोनदा जाऊन पाहिलंही. शहाता दार धरून उभा आणि मागच्या गाड्या भोंगे वाजवतायत, आणि उम्म खमीस त्यांना हात करून ओरडतेय, "थांबा रे, तुमच्या आया काय उडत चालतात?"

सहाव्या आठवड्यात वाहतूक पोलिसांनी त्याचा परवाना काढून घेतला. जलद रस्त्यावर गाडी थांबवल्याचा गुन्हा. मी त्याच्याबरोबर पोलीस कचेरीत गेले. अधिकाऱ्याला सांगितलं की हे माझ्या सांगण्यावरून झालं, तिथे आजारी माणसं आहेत. तो सज्जन होता, त्याने मला खुर्ची दिली.

"बाई, मलाही दिसतं ते," तो म्हणाला. "पण पाटी लावलीये ना तिथे. पाटी काढा, मी त्याला सलाम करीन."

शहाताला परवाना तीन महिन्यांनी मिळाला. तोवर उम्म खमीसचा मुलगा तिला घेऊन तान्ताला गेला होता. तिथल्या इस्पितळात मशीनवर जागा मिळाली की नाही, मला कळलेलं नाही. केंद्राची दुपारची पाळी रुग्णांअभावी बंद झाली.

नफीसा खालांचा दर शुक्रवारी फोन येतो. त्या हालहवाल विचारत नाहीत.

"थांबा झाला?"

"अजून नाही, खाला."

"बरं," त्या म्हणतात, आणि फोन ठेवतात.