साठ रोपं मरायले पाहिजेत

मित्रांनो, मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे, नव्या रायपुरातल्या एका ऑफिसात, शेखर साहेबांच्या ड्रॉवरमध्ये कुलूपबंद. गोल बाजारातून आलो तेव्हा लई तोरा होता माहा. सोलरवर चालतो ना, साहेबांचा अंगठा आडवा आला की ऐन हिशोबात विझून जात होतो. मज्जा यायची. पण एक कोंडमारा जन्माचाच: दाबलं तेच सांगता येते. बाकीचं पोटातच राहते.

नवी राजधानी, रस्ते रुंद, सावलीचा पत्ता नाही. म्हणून साहेबांचं ऑफिस रोपं लावून राहिलं होतं. रोपांची निगा राखणाऱ्या विजयाताई म्हणत, रोपापाशी मडकं पुरा, पाणी झिरपते, रोप जगते. टँकरनं पाणी घालणारे म्हणत, काही फरक नाही. ठरलं, दोनशे मडक्याची, दोनशे नुसत्या टँकरची लावून पाहू. मडकी जिंकली तरच पुढच्या रोपांना मडकी.

"फरक दिसाले साठ तरी मेली पाहिजेत," साहेब म्हणाले. "मागच्या साली शंभरातली तीस मेली. सहा महिन्यांत पंधरा. चारशे पुरे. जुलैत सुरू, डिसेंबरात रिपोर्ट."

"रोपं काय नोकरीवर हायेत का साहेब, दर महिन्याले सारखी हजेरी लावून मरायले?" ताई म्हणाल्या. "माह्या वहीत पाहा, जुलै ते डिसेंबर शंभरात तीनच गेली. बाकी सारी उन्हाळ्यात."

"अरे दीदी, एव्हरेज आहे ते."

तीन दाबले असते तर साठ मरायले रोपं किती, मी दोन हजार म्हणालो असतो. साहेबांनी पंधराच दाबले. म्हणालो, चारशे.

डिसेंबरात मेली बारा. टँकरची सात, मडक्याची पाच. साहेबांनी लिहिलं, फरक नाही. मडकी बंद.

ताई मात्र तीच रोपं मोजत राहिल्या. जून सरता सरता कागद घेऊन आल्या. टँकरची पंच्याहत्तर, मडक्याची एक्केचाळीस.

"रिपोर्ट तर गेला दीदी."

"मंग दुसरा पाठवा. काहून, हात दुखते का?"

"हव, पाहतो," म्हणून साहेब हसले. कागद माह्या खाली सारला, चाबी फिरवली.

मित्रांनो, मले पुसा, जपा, हे मी नाही म्हणत. किती मोजायचं हे ठरवण्याआधी एवढं विचारा, मरण कोणत्या महिन्यात येते. अन् चाबी भेटली, तर मी आत राहिलो तरी चालते. माह्या खालचा कागद काढा. बाहेर नवी रोपं लागून राहिली, बिनमडक्याची.