खालची करवत

निथळत ठेवलेल्या भांड्यांतली एक वाटी घरंगळली आणि मी दचकले. एवढ्याशा आवाजाने दचकावं इतकी शांतता आमच्याकडे दुपारी नसते. खाली सुतारकाकांचं दुकान. लेक झोपते तीच त्यांच्या करवतीच्या घरघरीत. आज मात्र काका बहिणीकडे गेले होते.

ती दोन ते चार झोपते, तेवढे दोन तास माझ्या कामाचे. लांबच्या सदाहरित जंगलात झाडांवर छोटी यंत्रं बांधली आहेत. त्यांनी टिपलेले आवाज मी हेडफोन लावून ऐकते, आणि करवत ऐकू आली की वनरक्षकांना कळवते.

ओढ्याकाठचं कालचं रेकॉर्डिंग पडताळणीसाठी पुन्हा लावलं. काल मी त्यापुढे ‘काही नाही’ असं लिहिलं होतं. थोड्या वेळाने घरघर सुरू झाली. लागले काका कामाला, असं मनात आलं. पण काका तर आज दुकानात नाहीत!

लगेच वनरक्षकताईंना फोन लावला.

“ताई, काल साडेतीनला ओढ्याकाठी करवत चालली होती. माझ्याकडून सुटली. मला वाटलं, आमचे खालचे सुतारकाका.”



“तुझे काका बरेच लांब येतात गं कामाला!” मग लगेच, “रागवायचं ते नंतर रागवेन. काल आले म्हणजे आजही त्याच वेळेला येणार. निघतो आम्ही.”

लेक उठली. तिला मांडीवर घेऊन मी नुसती बसून राहिले. दूध उतू गेलं, तेही वासाने कळलं.

साडेपाचला ताईंचा फोन आला. “पळाले मेले, करवत टाकून. खुणा केलेली चाळीस झाडं वाचली.”

“आणि कालची?”

“सात गेली. उद्यापासून खिडकी लावून बसत जा, बाई.”

“सात झाडं,” मांडीवरच्या लेकीच्या डोक्यावरून मी स्वतःशीच म्हटलं.

संध्याकाळी ओढ्याकाठचे आवाज लेकीला ऐकवायचे, हा आमचा नेम. तिथल्या एका पक्ष्याला तिने पोंपों नाव ठेवलंय. तो बोलल्याशिवाय ती जेवत नाही. आज पाणी ऐकू आलं, किडे ऐकू आले. घास तोंडात तसाच धरून ती वाट बघत राहिली.

मग हेडफोन काढून माझ्याकडे वळली.

“आई, सातमधलं एक झाड पोंपोंचं होतं?”